काचपेट्यांच्या गावी त्रेपन्न दिवस

मैत्रिणींनो, प्रवासवर्णन म्हटलं की काश्मीरचा शिकारा, कन्याकुमारीचा सूर्यास्त, नाहीतर अष्टविनायकाची सहल तुमच्या डोळ्यांसमोर येणार. मी सांगणार आहे तो प्रवास जेमतेम नव्वद किलोमीटरांचा. वाई ते पुणे. लग्नाच्या बस्त्यासाठी, आजारी माणसाला भेटण्यासाठी हा रस्ता मी पन्नासदा तरी केला असेल. पण 2018 सालच्या जुलैत मी तो आडवं पडून केला आणि ज्या गावी पोचले, तिथं त्रेपन्न दिवस मुक्काम पडला. नकाशात त्या गावाचं नाव नाही. तिथं काचेच्या पेट्या आहेत आणि त्या पेट्यांत ओंजळीत मावतील एवढी माणसं राहतात.

तिथं हौसेनं कुणी जात नाही. पण जगात साधारण दर दहा बाळांमागं एक बाळ दिवस भरण्याआधी, म्हणजे सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मतं. तुमच्या घरातून नाहीतर शेजारच्या घरातून कुणी ना कुणी तिथं जाऊन आलेलं असणारच. म्हणून हे चार शब्द.

माझी ही दुसरी खेप. तिसावा आठवडा चालू होता. त्या दिवशी शाळेतले दोन तास आटोपून मी घरी आले, कुकर लावला, थोरलीला हाक मारली आणि एकाएकी पाणी गेलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लगोलग एक इंजेक्शन टोचलं. बाळाच्या फुप्फुसांना बळ यावं म्हणून ते आईला देतात. मग म्हणाल्या, "इथं थांबू नका. बाळ पोटात आहे तोवर पुणं गाठा. त्याला न्यायला आईच्या पोटासारखी दुसरी गाडी नाही."

ह्यांनी 108 ला फोन केला. शेजारच्या वहिनींनी कुकर बंद केला, तो भात त्या दिवशी कुणी खाल्ला कोण जाणे. सासूबाई थोरलीला घेऊन दारात उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, नेमक्या या वेळी यांना धीराचा एक शब्द सुचू नये का? त्या मौनाचं कारण मला महिन्यानं कळलं.

गाडीत मला फक्त छत दिसत होतं. रस्ता ओळखायचा तो कानांनी. गाडी हायवेला लागली तेव्हा समजलं, सुरूर फाटा आला. पावसाचा टपावरचा ताशा अचानक थांबला, तेव्हा कळलं, खंबाटकीचा बोगदा. बाहेर पडल्यावर पुन्हा तोच ताशा. शिरवळच्या पुढं पुलावर चाकांचा आवाज बदलला, ती नीरा. खेड-शिवापूरच्या नाक्यावर गाडी जरा थबकली, मग कात्रजचा बोगदा, मग स्वारगेटचा गोंगाट. एरवी या रस्त्यावर आपण भजी कुठं खायची याचा विचार करतो! मी मात्र पोटावर हात ठेवून सगळ्या वाटेत एकच म्हणत होते, "थांब गं बाई, थांब."

ती दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत थांबली. 12 जुलैला जन्मली. वजन 1180 ग्रॅम. वाण्याकडून सव्वा किलो साखर आणावी, त्यापेक्षाही कमी. ती रडली, पण मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात. मला नीट दाखवलीही नाही, घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून त्या गावी नेलं. वेशीवरच पहिला नियम. चपला बाहेर. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं, कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे, वरून धुतलेला झगा घालायचा. काचेच्या हिरव्या बांगड्या काढताना माझा हात थरथरला, तर सिस्टर म्हणाल्या, "ताई, बांगडीच्या आत जंतू बसतात. घरी गेल्यावर दोन डझन भरा."

आत उकडत होतं. उजेड मंद. पंधरा-वीस पेट्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर एक पडदा आणि त्यावर हिरवे-निळे आकडे पळत असलेले. कुठंतरी सारखं टिंग-टिंग वाजायचं. पहिले काही दिवस प्रत्येक टिंगला माझं काळीज हलायचं. पुढं मला आवाजावरून कळू लागलं, हा सलाईन संपल्याचा, हा वायर सुटल्याचा, आणि हा मात्र खरा.

माझी मुलगी चौथ्या पेटीत होती. पेटीवर कार्ड, त्यावर माझं नाव आणि पुढं 'बाळ' एवढंच. घराच्या पाटीवर, रेशनकार्डावर सगळीकडं ह्यांचं नाव, इथं मात्र माझं! एरवी गंमत वाटली असती. कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा मोजाव्यात. नाकात दोन बारीक नळ्या, त्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं आणि तिथं अखंड बुडबुडे. त्या बुडबुड्यांच्या दाबानं फुप्फुसं उघडी राहतात, असं डॉक्टरांनी समजावलं.

आपल्या फुप्फुसांत साबणासारखा एक पदार्थ असतो, त्यामुळं आतले बारीक फुगे मिटत नाहीत. पोटातल्या शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत तो पुरेसा तयार होतो. आमच्या बाईसाहेब त्याआधीच आल्या! या पदार्थाच्या अभावानंच अशी बाळं गुदमरतात, हे मेरी एलन एव्हरी या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी 1959 साली दाखवून दिलं. तरी 1963 साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच दुखण्यानं दोन दिवसही जगला नाही. मग 1980 साली जपानच्या डॉ. फुजिवारांनी हा पदार्थ बाळांना बाहेरून देऊन वाचवता येतं, हे सिद्ध केलं. माझ्या मुलीला ते औषध पहिल्याच रात्री नळीतून दिलं होतं. अध्यक्षाच्या पोराला न मिळालेलं औषध वाईच्या पतसंस्थेतल्या कारकुनाच्या पोरीला मिळालं, याचं मला अजून नवल वाटतं.

ती पेटीही कशी जन्मली ठाऊक आहे? पॅरिसमधल्या तार्निए नावाच्या डॉक्टरांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं आणि तसलीच पेटी बाळांसाठी करून घेतली. 1880 च्या सुमाराची ही गोष्ट. शेवटी सगळं ऊब या एका शब्दावर येतं, बघा. आपल्या आज्या अशा बाळाला कापसात गुंडाळायच्या, त्याही याचसाठी.

पण खरं सांगू? त्या दिवशी हे काही डोक्यात शिरलं नाही. मला एवढंच दिसलं की माझ्या मुलीचं सगळं दुसरेच करताहेत आणि मला तिथं काही काम नाही. आई म्हणून मी तिला पुरे दिवस पोटातही ठेवू शकले नाही, असं वाटून मी भिंतीकडं तोंड करून रडले. तेव्हा एक वयस्कर सिस्टर माझ्या हातात लहानशी वाटी ठेवून म्हणाल्या, "रडून झालं की चीक काढा. हे औषध आमच्या दुकानात मिळत नाही."

पहिल्यांदा पाच थेंब निघाले. मला वाटलं, हे टाकूनच देतील. सिस्टरांनी ते पिचकारीत ओढून घेतले, वाटीला लागलेला थेंबसुद्धा पुसून घेतला आणि बाळाच्या गालाच्या आत लावला. अशा बाळांचं आतडं कच्चं असतं, त्याला आईचं दूध सोसतं, जंतूंशी झुंजायचं बळही त्यातूनच मिळतं. ज्यांना दूध येत नाही त्यांच्यासाठी दुधाची पेढी असते. आशियातली पहिली अशी पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हेही मला तिथंच कळलं.

मला घरी सोडलं, पण बाळ तिथंच. कसबा पेठेत मावससासूबाईंची एक खोली होती, तिथं मुक्काम टाकला. सकाळी सहाला निघायचं, सोमवार पेठेतून चालत जायचं, दिवसभर दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं, रात्री परत. वाटेत त्रिशुंड गणपतीचं देऊळ लागतं. अठराव्या शतकातलं, काळ्या दगडाचं, अंगभर कोरीव काम. आतला गणपती तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला. वृद्धी होती तोवर मी बाहेरूनच हात जोडायची. पुढंही आत जायला वेळ कुठला? तरी ती काळी भिंत दिसली की वाटायचं, अर्धी वाट सरली.

दूध काढायची खोली हा त्या गावचा पाणवठाच म्हणा ना. दौंडची, भोरची, जुन्नरची, फलटणची, अशा सगळ्या तिथं भेटायच्या. कुणी मोटारीतून आलेली, कुणी ऊसतोडीच्या टोळीतली. झगे सारखेच, वाट्या सारख्याच. "आज किती?" म्हणजे बाळाचं वजन. वीस ग्रॅम वाढलं तर जिलबी वाटावी असा आनंद, दहा उतरलं तर दिवसभर घास उतरत नसे.

सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणतात. घरी कोरा कागद, लेखणी ठेवून पूजा करतो आपण. मी त्या संध्याकाळी नुसती पेटीजवळ उभी होते. रात्रपाळीची सिस्टर दर तासाला तक्त्यावर श्वास, ठोके, दुधाचे मिलिलिटर लिहीत होती. मध्येच बाळ श्वास घ्यायचंच विसरलं. या बाळांचं असं होतं. टिंग झालं, सिस्टरनं हात घालून तळपायाला टिचकी मारली, बाळ दचकून पुन्हा श्वास घेऊ लागलं आणि तिनं तेही लिहिलं. मी मनात त्या सिस्टरलाच हळदीकुंकू वाहिलं.

खिडकीजवळच्या पेटीत भोरच्या ताईंचा मुलगा होता. माझ्या मुलीहून थोडा जास्तच वजनाचा. विसाव्या दिवशी सकाळी ती पेटी पुसून कोरी ठेवलेली दिसली. ताई दूध काढायच्या खोलीत आल्या, आपली स्टीलची वाटी धुतली, पुसली, पिशवीत ठेवली. आम्ही कुणीच काही बोललो नाही. काय बोलणार? जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मीच ठेवायला हवा होता. ते मला अजून सलतं.

त्याच सुमाराला आमच्याकडचे एक नातेवाईक भेटायला आले. सासूबाईही थोरलीला नणंदेकडं सोपवून आल्या होत्या. चहा घेता घेता ते गृहस्थ ह्यांना म्हणाले, "दुसरीही मुलगीच ना? मग एवढं कर्ज काढून कशाला…" पुढचं वाक्य सासूबाईंनी पुरं होऊ दिलं नाही. शांतपणे म्हणाल्या, "चहा झाला असेल तर निघा. सहाची गाडी मिळेल." आमच्या घरात पाहुण्याला असं कुणी बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सोळाव्या दिवसापासून डॉक्टरांनी मला बाळाला छातीशी धरायला सांगितलं होतं. कांगारू जसं पिल्लाला पिशवीत ठेवतं तसं. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट, आपल्या उघड्या छातीवर उभं, वरून कापडानं बांधायचं आणि तासन् तास बसायचं. पहिल्यांदा तिचं ऊन ऊन अंग टेकलं आणि पडद्यावरचे आकडे संथ झाले. मला तिथं काम मिळालं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला माझ्याइतकं जमणारं नव्हतं.

एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "वडिलांनी, आजीनंही धरायला हरकत नाही." सासूबाईंना आत बोलावलं. हात धुताना सिस्टर सवयीनं म्हणाल्या, "आजी, पाटल्या काढा." सासूबाईंच्या हातात काही नव्हतंच. पाटल्या आधीच्या आठवड्यात बिलात गेल्या होत्या. डॉक्टर सगळ्यांना माहिती देत होते, की कोलंबिया देशात बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडायच्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागायची. तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळं आयांच्या छातीशी द्यायला सुरुवात केली, 1978 साली.

"कुठलं साल म्हणालात?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. त्या दोन तास नातीला छातीशी घेऊन बसल्या, डोळे मिटून. बाहेर आल्यावर जिन्याच्या पायरीवर टेकल्या आणि मग बोलल्या.

"ह्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती. त्याच साली, थंडीत. माहेरी, मेढ्याकडं. सातव्या महिन्यातली. कापसात गुंडाळून टोपलीत ठेवली, बाजूला शेगडी. मला म्हणाले, हात लावू नकोस, नाजूक आहे. मी नाही लावला. चार दिवस होती. बारसं नाही की काही नाही. नंतर कुणी विषयही काढला नाही." जरा थांबून म्हणाल्या, "एवढंच करायचं होतं, तर मी तिला महिनाभर छातीवरून उतरवली नसती गं."

त्यानं ती वाचली असती की नाही, हे कोण सांगणार? मी म्हटलं, "आई, तुम्ही सांगितलं तसंच केलं." त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून रोज दुपारचे दोन तास त्यांचे ठरले. मला तेवढ्यात जेवून डोळा लागायचा.

आणखी एक सांगते. आम्हाला छातीशी धरायला सोळा दिवस थांबावं लागलं. पण 2021 साली निघालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात आपल्या दिल्लीचं रुग्णालयही होतं, जन्मल्याबरोबर छातीशी दिलेल्या बाळांतले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनंही तसंच सांगितलं. तेव्हा तुमच्या घरात अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी विचारा, "आईला केव्हा धरता येईल?"

आणि हेही लक्षात असू द्या. 'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' असं आपण ऐकत आलोय, ते मुळीच खरं नाही. पोटातला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच. घरी आणल्यावर मध, गुटी, काजळ यातलं काही नको, आणि बघायला येणाऱ्यांची रांगही नको. जन्मल्यापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी विसरू नका. वेळेवर कळलं तर दृष्टी वाचवता येते. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात कक्षांत सोय असते. धर्मादाय रुग्णालयांनीही मुंबई उच्च न्यायालयानं 2006 साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तिथल्या समाजसेवकांना रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला दाखवून विचारायचं. दौंडच्या आमच्या मैत्रिणीला हे चाळिसाव्या दिवशी कळलं, तोवर तिच्या दोन शेळ्या विकून झाल्या होत्या.

शेजारी असाल तर त्या आईला "काय खाल्लंस, कुठं पाय घसरला" असं विचारू नका. डबा द्या. थोरल्या मुलाची वेणीफणी, अभ्यास बघा. आमच्या वहिनींनी त्रेपन्न दिवस थोरलीचा गृहपाठ घेतला. त्याची परतफेड मी कशी करणार?

3 सप्टेंबरला आम्हाला सोडलं. वजन 2 किलो 60 ग्रॅम. दहीहंडीचा दिवस, पेठापेठांतून ढोल वाजत होते. रस्ते बंद व्हायच्या आत आम्ही निघालो. या वेळी मी बसले होते, बाळ छातीशी बांधलेलं. तेव्हा पुण्याकडून जाताना बोगदा लागत नसे, खंबाटकीचा घाट चढावा लागे. घाट हिरवागार झाला होता. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. वरच्या वळणावर म्हणाल्या, "काच वर कर रे, तिला वारं लागेल." एवढंच. पण त्या आवाजात, ज्या दिवशी आम्ही निघालो त्या दिवसाचं मौन नव्हतं.

मुलगी आता दुसरीत आहे. अंगानं बारीक, पण बोलण्यात सगळ्यांना पुरून उरते. दर 12 जुलैला आम्ही त्या गावी जाऊन येतो. आत जात नाही, दारातूनच. सासूबाईंनी वर्षभर विणलेल्या टोप्यांची पिशवी सिस्टरांच्या हातात देतो. पहिल्या वर्षी टोप्या मोठ्या झाल्या होत्या. हल्ली त्या माप म्हणून मोसंबी समोर ठेवतात आणि तिच्यावरून विणतात.